पोस्टकार्डावरचा हल्ला

बुद्धिबळातला हल्ला म्हणजे बव्हंशी समोरच्या माणसावर केलेला हल्ला असतो. घड्याळ टिकटिकत असते, प्रेक्षक श्वास रोखून बसलेले असतात, आणि एखादा खेळाडू अचानक घोडा किंवा उंट मारायला देऊन राजाच्या दारात घुसतो. तो बळी शंभर टक्के बरोबर असतोच असे नाही. मिखाईल ताल १९६० साली जगज्जेता झाला तो अशाच खेळाच्या जोरावर. त्याच्या कित्येक बळींवरची तोड विश्लेषकांना नंतर घरी बसून सापडली, पण पटावर समोर बसलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत ती सापडली नव्हती. डाव तिथेच निकाली निघाला होता.

टपालाने खेळायच्या बुद्धिबळात ही सोय नाही. तिथे तुमची खेळी प्रतिस्पर्ध्याच्या घरी पोस्टकार्डावरून पोहोचते. तो पट मांडतो, मोहरी हलवून बघतो, पुस्तके उघडतो, रात्री झोपतो आणि सकाळी पुन्हा बघतो. टपाल-बुद्धिबळात ग्रंथांचा आधार घ्यायला पूर्वीपासूनच परवानगी आहे. साहजिकच अर्धवट बरोबर असलेला हल्ला इथे फार काळ तग धरत नाही. म्हणूनच टपालाने खेळलेला आणि हल्ल्याने जिंकलेला मोठा डाव ही फार दुर्मीळ चीज आहे, आणि माझ्या मते बुद्धिबळातली सर्वांत शुद्ध चीजही. अशा डावांचा विचार करताना एक डाव हटकून आठवतो: पाचव्या जागतिक टपाल-बुद्धिबळ स्पर्धेतला याकोव एस्त्रिन विरुद्ध हान्स बर्लिनर. काळ १९६५ ते १९६८.

डावाकडे वळण्याआधी या खेळाची पद्धत थोडी समजून घेऊ. दूरच्या गावांनी एकमेकांशी पत्राने डाव खेळण्याची परंपरा जुनी आहे. एडिंबरा आणि लंडन या शहरांच्या क्लबांमधला सामना १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे चालला आणि एडिंबराने तो जिंकला. ‘स्कॉच’ हे ओपनिंगचे नाव त्या सामन्यामुळे रूढ झाले. पुढे तारयंत्र आले. १८९०-९१ मध्ये न्यूयॉर्कमधला जगज्जेता स्टाइनिट्झ आणि सेंट पीटर्सबर्गमधला चिगोरिन तारेने दोन डाव खेळले आणि दोन्ही चिगोरिनने जिंकले. त्यातला एक डाव आपल्या कथेशी नाते सांगतो, त्याबद्दल पुढे.

विसाव्या शतकात ही हौस संघटित झाली. १९५१ साली आजची आंतरराष्ट्रीय टपाल-बुद्धिबळ संघटना उभी राहिली. पहिला जगज्जेता ठरला ऑस्ट्रेलियाचा सेसिल पर्डी. कार्डावर खेळी कशी लिहायची हा मोठाच प्रश्न होता, कारण रशियन, जर्मन, इंग्रज, हंगेरियन प्रत्येकाची मोहऱ्यांची नावे आणि अक्षरे वेगळी. त्यावरचा तोडगा फार सुंदर आहे. पटाच्या आठ उभ्या रांगांना १ ते ८ आकडे द्यायचे, आडव्या रांगांना आधीपासून आकडे आहेतच. मग प्रत्येक घर दोन आकड्यांचे होते आणि प्रत्येक खेळी चार आकड्यांची. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे गेले की ५२५४. मोहऱ्याचे नावसुद्धा लिहायला नको. शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्को आणि अमेरिका यांच्यामधून असे चार-चार आकडे लिहिलेली पोस्टकार्डे ये-जा करीत होती. विचाराला मिळणारा वेळ दिवसांत मोजला जाई आणि कार्ड प्रवासात असतानाचे दिवस कोणाच्याच खाती पडत नसत. त्यामुळे एक स्पर्धा तीन-चार वर्षे सहज चाले, आणि त्या काळात खेळाडूचे बाकीचे सगळे आयुष्य, नोकरी, संसार, आजारपण चालूच असे.

आता दोघे खेळाडू. एस्त्रिन मॉस्कोचा, १९२३ चा जन्म, व्यवसायाने कायदेतज्ज्ञ. ओपनिंगचा गाढा अभ्यासक म्हणून त्याचा लौकिक होता, आणि त्यातही एका ओपनिंगवर त्याची खास हुकमत होती: टू नाइट्स डिफेन्स, म्हणजे दोन घोड्यांचा बचाव. त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. पुढे तो स्वतः टपाल-बुद्धिबळाचा सातवा जगज्जेता झाला. बर्लिनर १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मला. कुटुंब ज्यू, त्यामुळे १९३७ मध्ये त्यांनी जर्मनी सोडून अमेरिका गाठली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपियाडमध्ये तो अमेरिकेच्या संघात होता, पण त्याचा खरा पिंड टपालाचा: शोधत बसणारा, एकाच स्थितीवर आठवडे घालवणारा.

एस्त्रिनकडे पांढरी मोहरी होती. त्याने आपले घरचे मैदान निवडले. राजापुढची प्यादी समोरासमोर, मग दोन्हीकडचे घोडे, पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर. हाच दोन घोड्यांचा बचाव. चौथ्या खेळीला पांढरा घोडा जी५ वर उडी घेतो आणि उंटाच्या साथीने एफ७ या कमकुवत घरावर नेम धरतो. अनेक जुन्या पंडितांना ही खेळी हावरट वाटत असे, कारण एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवून पांढरा विकासात मागे पडतो. स्टाइनिट्झने चिगोरिनविरुद्ध तारेने खेळलेल्या त्या डावातही हीच उडी होती. आता पाऊणशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा दूरस्थ खेळात उभा राहिला.

काळ्याने डी५ करून उंटाची वाट अडवली, पांढऱ्याने ते प्यादे मारले. नेहमीचा रस्ता म्हणजे घोडा ए५ वर नेऊन उंटाला हाकलणे. बर्लिनरने बी५ खेळले: मोहरे न हलवता प्याद्याने उंटावर मारा. इथे पांढऱ्याची उत्तम खेळी विचित्र दिसते, उंट परत मूळ घरी एफ१ वर. असे का? कारण उंटाने बी५ चे प्यादे खाल्ले तर काळा वजीर डी५ वर येऊन एकाच वेळी उंटावर आणि जी२ च्या प्याद्यावर नजर टाकतो. एफ१ वरचा उंट जी२ राखतो. बर्लिनरचा घोडा डी४ वर आला, सी३ च्या प्याद्याने त्याला दटावले, आणि काळ्याने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दुसऱ्या घोड्याने डी५ चे प्यादे परत घेतले. आता दोन्ही बाजूंचा एकेक घोडा मारात आहे. एफ६ मोकळे झाल्याने काळ्या वजिराची नजर जी५ वर, आणि सी३ च्या प्याद्याची डी४ वर.

एस्त्रिनने आपला घोडा ई४ वर मागे घेतला. काळा वजीर थेट एच४ वर आला. घोडा पुन्हा मागे, जी३ वर. काळा उंट जी४ वर आला आणि पांढऱ्या वजिरावर नेम. पांढऱ्याने एफ३ करून वाट बंद केली आणि उंटालाही मारात घेतले. इथवर दहा खेळ्या झाल्या. स्थिती बघा: काळ्याचा डी४ वरचा घोडा प्याद्याच्या तोंडी, जी४ वरचा उंट दुसऱ्या प्याद्याच्या तोंडी, आणि खेळी काळ्याची. कोणताही माणूस यातला एक मोहरा वाचवेल.

बर्लिनरने दोन्ही तसेच सोडले आणि प्यादे ई४ वर सरकवले.

ही खेळी नवी होती आणि ओपनिंगच्या पुस्तकांत हा मार्ग आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. तिच्यामागचा विचार एकदा कळला की मन भरून येते. एस्त्रिनने घोडा खाल्ला. तेव्हा काळ्याचा दुसरा उंट डी६ वर आला आणि धमकीचे पूर्ण रूप दिसले. पांढरे एफ-प्यादे पुढे गेल्याने एच४ वरचा वजीर तिरक्या रेषेत थेट ई१ वरच्या राजाकडे बघतो आहे, मध्ये फक्त जी३ चा घोडा. तो हलूच शकत नाही. त्याला राखणारे एच२ चे प्यादेही बांधलेले, कारण ते बाजूला झाले तर मागचा एच१ चा हत्ती वजिराला मोकळा. एका रेषेत घोडा अडकला, दुसऱ्या रेषेत त्याचा रखवालदार. काळ्याने एक अख्खा घोडा दिला आहे, पण पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूचा घोडा, उंट आणि हत्ती अजून आपापल्या मूळ घरांत झोपलेले आहेत.

पांढऱ्याच्या उंटाने बी५ चे प्यादे खाऊन शह दिला. काळा राजा डी८ वर गेला, म्हणजे कॅसलिंगचा हक्क कायमचा गेला. पांढऱ्याने कॅसलिंग केले, काळ्याने एफ३ चे प्यादे मारले, पांढऱ्या हत्तीने तिथे मारले. आता जी४ च्या उंटाला तो हत्ती लगेच खाता येत होता. बर्लिनरने तो खाल्ला नाही. चौदावी खेळी: ए८ चा हत्ती बी८ वर. हल्ल्यातली घाई किती अनावश्यक असते हे या एका खेळीत दिसते. हत्ती कुठे पळून जात नाही. त्याआधी बी५ च्या उंटाला हुसकावून, त्याच वेळी आपल्या दूरच्या हत्तीला हल्ल्यात सामील होण्याची उघडी रांग मिळवायची. पांढरा उंट ई२ वर परतला. मग काळ्याने हत्ती मारला, उंटाने परत मारले, वजिराने डी४ चे प्यादे घेऊन शह दिला, राजा एच१ वर. काळ्या उंटाने जी३ चा घोडा मारला, एच-प्याद्याने परत. आणि अठरावी खेळी: तोच हत्ती बी८ वरून बी६ वर.

हत्तीचा हा प्रवास या डावातला मला सर्वांत प्रिय भाग आहे. तो ए८ च्या कोपऱ्यातून निघाला, बी८, बी६, आणि पुढचे घर एच६. एच-रांग आता उघडी आहे, पांढरा राजा एच१ वर कोंडलेला, जी१ वर काळ्या वजिराची नजर. हत्ती एच६ वर पोहोचला की मात. पांढऱ्याचा उंट एच५ वर मध्ये पडला तरी हत्ती तो खाऊन मातच करतो.

एस्त्रिनने ओळखले आणि डी३ खेळले. एवढ्या साध्या खेळीने सी१ च्या उंटाची तिरकी वाट उघडते आणि तो एच६ राखतो. बर्लिनरचे उत्तर: घोडा ई३ वर, त्या वाटेच्या मधोमध. घोडा पांढऱ्या वजिरालाही मारात घेतो, त्यामुळे त्याला खाण्यावाचून इलाज नाही. उंटाने खाल्ला, वजिराने उंट खाल्ला, आणि एच६ चा रखवालदार पटावरून गेला. मात पुन्हा दारात.

पांढऱ्याने उरलेला उंट जी४ वर आणला, म्हणजे शह आलाच तर तो एच३ वर मध्ये पडेल. एच५ ने त्याला हाकलले, तो एच३ वर गेला, मग जी५, मग जी४. काळी प्यादी दोन-दोन घरे झेप घेत येतात. दरम्यान एस्त्रिनचा झोपलेला घोडा अखेर जागा झाला, डी२ वरून सी४ वर आला आणि एकाच वेळी वजीर आणि बी६ च्या हत्तीवर तुटून पडला. लढाऊ माणसाचा बचाव आहे हा. बर्लिनरने वजिराने जी३ चे प्यादे घेतले, हत्ती जाऊ दिला. घोड्याने हत्ती खाल्ला, काळ्या प्याद्याने एच३ चा उंट. पांढऱ्याने वजीर एफ३ वर आणून वजिरांची अदलाबदल लादली. जी२ वर सगळा हिशेब चुकता झाला आणि शेवटी काळ्याने सी-प्याद्याने बी६ चा घोडा परत घेतला.

अठ्ठावीस खेळ्या झाल्या. धूर खाली बसला. दोन्ही बाजूंना एकेक हत्ती. पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची चार.

मात कुठे आहे? नाही. एवढ्या वादळाचे फळ म्हणजे हत्तींच्या एंडगेममध्ये एक जास्तीचे प्यादे. हा डाव पहिल्यांदा बघणाऱ्या अनेकांची इथे निराशा होते, आणि माझ्या मते ती निराशा चुकीची आहे. खरे तर डावाचे मोठेपण इथून सुरू होते. हत्तींच्या एंडगेममध्ये एका प्याद्याची आघाडी कित्येकदा पुरी पडत नाही, बरोबरीच होते. म्हणजे काळ्याला अजून जिंकायचे आहे, आणि पांढऱ्याकडे विचार करायला आठवडेच्या आठवडे आहेत.

पांढरा हत्ती एफ१ वर आला आणि एफ७ च्या प्याद्यावर बसला. काळा राजा ई७ वर ते राखायला गेला. हत्तीने ई१ वरून शह दिला. आता राजा डी६ वर गेला, म्हणजे एफ७ सोडून. हत्ती परत एफ१ वर. काळ्याने अजूनही प्यादे राखले नाही. एकतिसावी खेळी: हत्ती सी८ वर. पांढऱ्या हत्तीने एफ७ खाल्ले आणि प्यादी समसमान झाली, तीनास तीन. तेव्हा काळा हत्ती सी७ वर आला: घ्यायची का अदलाबदल? घेतली तर फक्त राजे आणि प्यादी उरतात, आणि एच-रांगेतले काळे प्यादे इतके दूर आहे की पांढरा राजा त्याच्यामागे धावेपर्यंत काळा राजा दुसऱ्या टोकाला सगळे खाऊन टाकील. पांढऱ्याला अदलाबदल टाळावीच लागली. हत्ती एफ२ वर मागे गेला आणि काळा राजा चालू लागला: ई५, डी४, डी३ चे प्यादे खाऊन डी३, मग शहाला उत्तर देत सी२. ज्या राजाने बाराव्या खेळीला कॅसलिंगचा हक्क गमावला होता, तो पटाच्या मध्यातून पांढऱ्याच्या घरात शिरला. बी-प्यादे त्याच्या संरक्षणात पुढे सरकले. चाळिसाव्या खेळीला काळ्या हत्तीने जी४ वरून शह दिला. राजा एफ३ वर येऊन त्या हत्तीला भिडला, पण त्याला एच५ चे प्यादे राखत होते, म्हणून खाता आले नाही. बेचाळिसाव्या खेळीला काळे प्यादे बी३ वर पोहोचले आणि एस्त्रिनने डाव सोडला.

सोळा डावांतून बारा विजय आणि चार बरोबऱ्या, चौदा गुण. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुणांनी पुढे राहून बर्लिनर पाचवा जगज्जेता झाला. अमेरिकी लेखक अँडी सॉल्टिस यांनी विसाव्या शतकातल्या शंभर सर्वोत्तम डावांची क्रमवारी लावणारे पुस्तक लिहिले, त्यात पहिला क्रमांक याच डावाला दिला. फिशर, कास्पारोव्ह, ताल यांचे सगळे डाव समोर असताना टपालाच्या डावाला तो मान मिळाला. यावर वाद घालणारे आहेत. मला तो निवाडा पटतो. दहाव्या खेळीतला दुहेरी बळी आणि एकतिसाव्या खेळीतले प्यादे सोडून देणे या दोन्हींमागे एकच दृष्टी आहे: मोहऱ्यांची संख्या नव्हे, ती काय काम करताहेत ते मोजायचे. आणि हे मोजमाप असे, की त्याविरुद्ध एका तज्ज्ञाला तीन वर्षे मिळूनही तोड काढता आली नाही.

त्यानंतर तोड काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आज या ओपनिंगमध्ये पांढऱ्याने खेळणारे जाणकार बहुधा आठव्या खेळीतच वाट बदलतात: घोडा वाचवण्याऐवजी डी४ चा काळा घोडा मारतात आणि आपला घोडा जाऊ देतात. एका डावाने ओपनिंगची एक अख्खी शाखा लोकांना सोडायला लावावी, हेही टपाल-बुद्धिबळाचेच वैशिष्ट्य. समोरासमोरच्या खेळाची प्रयोगशाळा फार काळ टपाल-बुद्धिबळ हीच होती.

बर्लिनरने विजेतेपद राखण्यासाठी पुन्हा खेळण्याऐवजी चाळिशीत विद्यार्थी होणे पसंत केले. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याने संगणकाला बुद्धिबळ शिकवण्यावर संशोधन केले आणि १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. संगणकी बुद्धिबळातला ‘होरायझन इफेक्ट’ त्यानेच ओळखून मांडला. यंत्र ठरावीक खेळ्यांपर्यंतच पुढे बघते. त्या मर्यादेच्या पलीकडे काही अटळ संकट असेल तर ते मध्ये फालतू खेळ्या घुसवून संकट नजरेआड ढकलते आणि टळले असे समजते. हा दोष या माणसाच्या ध्यानात यावा हे स्वाभाविकच. अठ्ठावीस खेळ्यांच्या हल्ल्यापलीकडचा एंडगेम तोलून ज्याने डाव जिंकला होता, त्याला क्षितिजापलीकडे न बघण्याची किंमत इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती. १९७९ मध्ये त्याच्या संगणकाने मॉन्टे कार्लो येथे बॅकगॅमनच्या जगज्जेत्या लुइजी व्हिलाला सामन्यात हरवले. ऐंशीच्या दशकात त्याच्या नेतृत्वाखाली ‘हायटेक’ हा बुद्धिबळ-संगणक तयार झाला आणि १९८८ मध्ये त्याने ग्रँडमास्टर आर्नल्ड डेंकरला सामन्यात हरवले. बर्लिनर २०१७ साली वारला.

ज्या यंत्रांच्या पायाभरणीत त्याचा हात होता, त्यांनीच टपाल-बुद्धिबळाचा चेहरा बदलला. आता खेळ्या संघटनेच्या सर्व्हरवरून जातात आणि संगणकाची मदत घेणे नियमात बसते. दोन्हीकडे सारखीच ताकद असल्याने वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. चौदा गुणांची झेप आणि तीन गुणांची आघाडी यापुढे कोणाला मिळेल असे वाटत नाही. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दोन मोहरी मारात ठेवून प्यादे पुढे सरकवण्याचे धाडस तर त्याहून दुर्मीळ होईल.

बुद्धिबळ येणाऱ्या वाचकांना एक विनंती. हा डाव मोबाइलवर झरझर बोट फिरवून बघू नका. लाकडी किंवा प्लास्टिकचा कसला का असेना, पट मांडा आणि वर दिलेल्या खेळ्या हाताने खेळा. एकतिसाव्या खेळीला, पांढरा हत्ती एफ१ वर आणि काळा राजा डी६ वर असताना थांबा. एफ७ चे प्यादे का राखायचे नाही याचे उत्तर पुढे वाचून ठेवलेले असले, तरी प्रत्येक पर्याय स्वतः तपासा. त्यासाठी आठवडा लागला तरी लागू द्या. टपालाच्या खेळात तेवढा वेळ घेण्याची मुभा होती.